पहिली सळई कलेजीची

डांबराचं रिकामं पिंप दारात आलं, त्या दिवशी कुसाबाईने नवऱ्याशी बोलणं टाकलं.

सावळीराम निरभवणेने ते रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाकडून मागून घेतलं होतं आणि नाशिक रोड स्टेशनापासून वस्तीपर्यंत गडगडवत आणलं होतं. नळावरच्या बायकांनी नाकाला पदर लावले. "काय हो भाऊजी, घर डांबरी करायचंय का?" एकीने विचारलं. सावळीराम नुसता हसला. त्याला उत्तर लगेच सुचत नसे. सुचायचं ते संध्याकाळी, आणि तेव्हा ऐकायला कुणी नसायचं.

लोहाराकडून पिंप उभं कापून घेतलं. आतलं डांबर जाळून काढल्याशिवाय त्यावर अन्न शिजवता येणार नव्हतं, म्हणून तीन दिवस त्याने पिंपात बाभळीचा जाळ केला. काळा धूर वस्तीभर फिरला. दोरीवरचे कपडे काळवंडले. तिसऱ्या दिवशी पहाटे जळत्या पिंपात कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं. कोण ते कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. चौथ्या दिवशी पुन्हा पेटवलं.

हे १९७७ सालचं. त्याआधी अकरा वर्षं तो देवळाली कॅम्पात साहेबांच्या मेसमध्ये मसालची होता. मसालचीने वाटण वाटायचं, भांडी घासायची, कोळसे फुलवून द्यायचे. पुढचं काम खानसाम्याचं. पण म्हाताऱ्या खानसाम्याची नजर अधू होत गेली, तशा सळया हळूहळू सावळीरामच्या हातात आल्या. मटण आत शिजलं की नाही हे तो चाखून बघत नसे. अंगठ्याने दाबून सांगायचा. कच्चं असेल तर ते गालासारखं लागतं, शिजलं की हनुवटीसारखं, आणि कपाळासारखं लागलं की वाया गेलं, असं खानसाम्याने त्याला स्वतःच्याच चेहऱ्यावर बोट ठेवून शिकवलं होतं. दुसरा धडा असा, की सळईवरचं मटण कुणाची वाट बघत नाही. साहेबांच्या हातात ग्लास आला की पहिली सळई कलेजीची, कारण कलेजी सगळ्यांत आधी होते आणि सगळ्यांत आधी बिघडते. सहा वर्षं सावळीरामने भाजलं आणि शाबासकी खानसाम्याला मिळाली. मग मेसचा ठेकेदार बदलला. नव्याने आपली माणसं आणली. सावळीराम घरी आला.

घरी येऊन त्याने ठरवलं, की आता कुणाच्या हाताखाली नाही. लोकांच्या बारशाला, बढतीला, निरोपाच्या जेवणाला पिंप घेऊन जायचं आणि तिथंच कोळशावर भाजून वाढायचं. स्वतःच्या जाळापाशी स्वतः उभं राहायचं. यापलीकडे त्याला काही नको होतं, आणि एवढंही त्याच्याकडे असावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

थोरला भाऊ निवृत्ती छापखान्याच्या कचेरीत कारकून होता. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. तो दारात उभा राहूनच बोलला, आत आला नाही.

"बापानं गावकीची कामं टाकली, मेलेली ढोरं ओढायची टाकली, कशासाठी? तू पुन्हा मांस घेऊन चव्हाट्यावर बसावं म्हणून? माझ्याबरोबरचे लोक काय म्हणतील?"

"दादा, ते ओढायला लावत होते. हे मी भाजतोय."

"लोकांना दोन्हीतला फरक कळत नाही."

"शिकले-सवरलेले आहेत ना तुमच्यातले? कळेल हळूहळू."

निवृत्ती त्यानंतर दोन वर्षं त्या दाराला आला नाही.

मग कारभारी आला. नाशिक रोडला लग्नाच्या जेवणाचा आचारी म्हटलं की कारभारीच. मोठं पोट, कानावर विडी, आणि समोरच्याच्या घरात यजमानासारखं बसायची सवय. ओट्यावर बसून त्याने पिंपाला चपलेने टोचून पाहिलं.

"हे कशाला रे लचांड? ये की माझ्याकडं. कोळसा फुलवायचा, भांडी घासायची, दोन टायमाचं जेवण. तुझ्या हाताला चव हाय म्हणत्यात. ती माझ्या नावावर खपंल. तुझ्या नावावर कोण खाईल, सांग बरं?"

"बघू," सावळीराम म्हणाला.

"बघ बघ. माझं नाय आयकलं त्यो नाशकात भाकर भाजून खात नाय."

हळूहळू कामं मिळू लागली. छापखान्याच्या वसाहतीत कुणी सेवानिवृत्त झाला की मागच्या अंगणात पिंप लागे. मटण दही, आलं-लसूण आणि कच्च्या पपईत घोळवून ठेवायचं काम कुसाबाई करी. बोलणं टाकलं होतं, हात टाकला नव्हता. वाटण ती त्याच्यापुढे असं आदळायची, की शेजाऱ्यांना ऐकू जावं. लोक खायचे, बोटं चाटायचे, आणि मग कुणीतरी विचारायचं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं की काहींच्या चेहऱ्यावर काही हलत नसे. काहींच्या बायका पुढच्या वेळी पाण्याचा वेगळा तांब्या पुढे करायच्या. सावळीराम तांब्या तसाच राहू द्यायचा आणि तहानलेला घरी येऊन पाणी प्यायचा.

अशाच एका निरोपाच्या जेवणात रावजीअण्णांनी त्याच्या हातचं खाल्लं. ओझरच्या पलीकडे कालव्याच्या काठी त्यांची द्राक्षाची बाग होती. माणूस उमदा, पण गावाला भिऊन असणारा. त्यांनी सावळीरामला कोपऱ्यात घेतलं.

"चैत्रात ये माझ्या मळ्यावर. द्राक्षं उतरलीत, पार्टी करायचीय. चाळीस-पन्नास माणूस. माझे व्याही येणार हायेत, त्यांच्या पोरीची हळद हाय पुढं, चारशे पान. त्यांना आवडलं तर ते काम तुझंच." मग आवाज उतरवून म्हणाले, "माझं काय नाय रे, मला समदं ठाव हाय. पण गावात आडनाव काढू नको. कोणी पुसलं तर कॅम्पातला आचारी म्हण."

सावळीरामला ते आवडलं नाही. पण चारशे पान म्हणजे मोठं काम. तेवढं झालं की नाव आपोआप झालं असतं, मग लपवायचं कारण उरलं नसतं, असा त्याने मनाशी हिशोब मांडला. तो हो म्हणाला.

रावजींनीही एक गोष्ट सांगितली नाही. ती पार्टी नव्हती. बागेला पहिलं पीक यावं म्हणून बांधावरच्या म्हसोबाला बोकड बोललेला होता, आणि तो फेडायचा होता. देवाचं म्हटलं तर हा माणूस यायचा नाही, असं त्यांना वाटलं.

चैत्रातल्या त्या सकाळी सावळीराम पिंप, कोळसा, सळया आणि कुसाबाईने घोळवून दिलेलं मटण टेम्पोत घालून मळ्यावर पोचला, तर विहिरीपाशी मोठ्या चुलीवर रश्शाचं पातेलं चढवून कारभारी बसला होता. रस्सा-भाकरीचं काम त्याच्याकडे होतं.

"आलास? ये. भाज भाज. बघू तुझं," तो म्हणाला.

बांधावर बाभळीखाली शेंदूर लावलेला दगड होता. सावळीरामच्या नजरेखालून तो गेलाही असेल. पण छप्पन सालच्या धर्मांतराच्या वेळी, तो दहा वर्षांचा असताना, बापाने घरातले देव टोपलीत घालून वालदेवी नदीच्या पाण्यात सोडले होते, आणि परतताना म्हणाला होता, "आता मागं बघायचं नाही." सावळीरामने तेव्हापासून असल्या दगडांकडे बघणं सोडलं होतं. पुढे पुढे ते त्याला दिसेनासेच झाले. शेत म्हटलं की बांध, बांध म्हटला की दगड, यापलीकडे त्याला त्यात काही वाटत नसे. बोकड कापला तेव्हा तो विहिरीच्या पलीकडे कोळसा फुलवत होता. कलेजी कुणीतरी पानावर आणून त्याच्यापुढे ठेवली, कशासाठी ते सांगितलं नाही.

पाहुणे आले. बाजेवर व्याही बसले. त्यांच्या हातात ग्लास गेला, आणि सावळीरामच्या हाताने मेसमधल्या सवयीचं केलं. कलेजीचे तुकडे सळईत ओवले, कोळशावर धरले, दोनदा फिरवले, अंगठ्याने दाबले. हनुवटी. वरून मीठ, मिरी, लिंबू. पळसाच्या पानावर काढून त्याने ती व्याह्यांपुढे ठेवली, मग त्यांच्या शेजारच्यांपुढे.

कारभारीने ते पाहिलं. रश्शाचा डाव त्याच्या हातात तसाच राहिला. शेवटचा तुकडा शेवटच्या पाहुण्याच्या तोंडात जाईपर्यंत तो थांबला, मग डाव ठेवला, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अण्णा, नैवेद्य कवा न्यायचा? माझा रस्सा झालाय. कलेजी तेवढी भाजून द्या म्हणावं."

तिकडची रीत अशी, की बोललेल्या बोकडाची कलेजी निखाऱ्यावर भाजून आधी म्हसोबापुढे जायची. तोवर कुणी तोंडाला काही लावायचं नाही.

"कलेजी?" सावळीराम म्हणाला. "ती गेली की. पहिलीच सळई."

"कुठं गेली?"

"पाहुण्यांना वाढली."

सावलीत बसलेल्या रावजींच्या आई, चिमणाबाई, काठीला धरून उठल्या. "देवाच्या आधी?"

"आता त्याला काय म्हाईत, मावशी," कारभारी गोड आवाजात म्हणाला. "त्यांच्यात देव ऱ्हायलेत कुठं?"

"त्यांच्यात म्हंजी?" व्याह्यांनी विचारलं.

"नाशिक रोडच्या वस्तीतला हाय. निरभवणे. अण्णा बोलले नाय का तुम्हाला?"

एकाने तोंडातलं थुंकून टाकलं. दुसऱ्याने आधी गिळलं, मग उठला. सगळ्यांच्या माना रावजींकडे वळल्या. रावजी जमिनीकडे बघत म्हणाले, "मला काय ठाव? मला म्हनला, कॅम्पातला आचारी."

सावळीरामने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. खरं काय ते तो सांगू शकत होता. नाही सांगितलं. हात पुसून तो चिमणाबाईंपुढे उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"मावशी, चूक माझी. कशाचं जेवण आहे ते मी विचारायला हवं होतं. मुद्दाम नाही केलं."

"मुद्दामच केलंस! देव बाटवायला आलास!" मागून कोणीतरी ओरडलं.

म्हातारीने काठी आपटून त्याला गप्प केलं. तिची चिडही नेमकी होती. "चूक कबूल हाय ना? मग चल. म्हसोबापुढं नाक घास, शेंदूर लाव कपाळाला. मिटलं. मग भाज तुझं बाकीचं, खात्याल समदे."

"घास की," कारभारी म्हणाला. "नाक काय झिजतंय व्हय?"

दहा पावलांवर पिंप होतं, त्यात कोळसा ऐन रंगात होता. सळया ओवून तयार होत्या. बाजेवर अजून व्याही होते, आणि त्यांच्या मागे ते चारशे पान. नाक घासलं की सगळं जागच्या जागी राहणार होतं. सावळीरामच्या डोळ्यांपुढे वालदेवीचं पाणी आलं, आणि मागे न बघता चाललेली बापाची पाठ.

"तुमच्यापुढं दहादा हात जोडतो, मावशी," तो म्हणाला. "तिथं नाही."

एवढंच. मग कुणीतरी पिंपाला लाथ घातली. निखारे मातीत सांडले. तापलेल्या पिंपाला हात लावता येईना, म्हणून दोघांनी त्याखाली बांबू घातले, ते कालव्यापर्यंत नेलं आणि आत लोटलं. पाण्याने मोठ्याने चर्र केलं. सावळीराम निखाऱ्यांतून सळया उचलत होता. उजव्या तळव्यावर तिरकी रेघ भाजली. ती त्याच्या हातावर कायमची राहिली. कुसाबाईच्या हातचं, दही-मसाल्यात घोळवलेलं मटण मात्र कुणी फेकलं नाही. ते कारभारीच्या पातेल्यात गेलं, आणि शिजल्यावर सगळ्यांनी खाल्लं.

सळया फडक्यात गुंडाळून तो ओझरपर्यंत चालत आला आणि एसटीने घरी पोचला. दारात कुसाबाई उभी होती. तिने सळया पाहिल्या, हात पाहिला, मागे टेम्पो आहे का ते पाहिलं.

"पिंप?"

"कालव्यात."

"का?"

त्याने सांगितलं. त्याच्या तळव्याला तेल-हळद लावताना ती ऐकत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "आडनाव का लपवलंत?"

याचंही उत्तर त्याला लगेच सुचलं नाही.

"लपवलंत म्हणून त्यांना ते काढता आलं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः मुकादमाकडे गेली. दुपारी वस्तीतल्या लोकांनी पाहिलं, कुसाबाई पदर खोचून डांबराचं पिंप गडगडवत आणतेय. या वेळी नळावरून कुणी काही बोललं नाही. तिच्या तोंडाला लागायची हिंमत कुणात नव्हती. नव्या पिंपावर तिने रंगवाल्याकडून ढोबळ अक्षरांत लिहून घेतलं, 'सावळीराम निरभवणे'. वाचायला तिला येत नव्हतं, पण अक्षरं मोजून घेतली.

काही कामं नावामुळे गेली. काही वर्षं छापखान्याची वसाहत, रेल्वेचे लोक आणि आपल्याच माणसांची लग्नं यांवर भागलं. पण त्या चैत्रापासून सावळीराम प्रत्येक यजमानाला कोळसा पेटवायच्या आधी दोन गोष्टी सांगायचा. पहिली, स्वतःचं आडनाव. दुसरी, "देवाचं काही असेल तर आत्ताच सांगा. कलेजी आधी काढून देतो. नेऊन ठेवायची तुम्ही." लोकांना याचं नवल वाटे. काहींना राग येई. तो मात्र विचारल्याशिवाय काडी ओढत नसे.

१९८४ साली रावजी आले. गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत आले. निवृत्ती ओट्यावर चहा पीत होता. हल्ली यायचा, पिंपावरचं नाव वाचल्यापासून. रावजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना नातू झाला होता, म्हसोबाला बोकड बोललेला होता, मुंबईचे द्राक्षाचे व्यापारी जेवायला येणार होते.

"कारभारी आहे की," सावळीराम म्हणाला.

"त्याचं नाव नको," रावजी म्हणाले. "मागल्या साली त्यानं पिंपावर भाजायचं मनावर घेतलं. कोळसा पेटंना म्हणून रॉकेल ओतलं. व्यापाऱ्यांनी पहिला घास तोंडात घातला आन् एकमेकांकडं बघितलं. एक जण म्हनला, पाटील, स्टोव्हला पिन मारा. अजून हसत्यात."

निवृत्तीला चहाचा ठसका लागला. सावळीराम हसला नाही. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मला काय ठाऊक."

"म्हनलो," रावजी टोपीकडे बघत म्हणाले.

"गावात माझं आडनाव आधी तुम्ही सांगायचं. मग येतो."

रावजींनी सांगितलं की नाही, ते तिथं गेल्यावर कळलं. या वेळी कुसाबाईही बरोबर होती. कालव्याला पाणी नव्हतं. पुलाखाली गाळात एक गंजलेलं पिंप रुतलेलं दिसलं. "आपलं का?" कुसाबाईने विचारलं. "असेल," सावळीराम म्हणाला. मळ्यावर माणसं होती, पण पिंपापासून अंतर राखून. कुणी नमस्कार केला नाही. "अण्णांनी सांगितलेला निरभवणे ह्योच," म्हणत दोघे-तिघे उठून गेले. म्हणजे रावजींनी सांगितलं होतं.

त्याने कोळसा फुलवला आणि मोठ्याने विचारलं, "देवाची कलेजी कोण नेणार?"

चिमणाबाई आल्या. पार वाकल्या होत्या, पण काठी तीच. त्यांनी पितळी ताट आणलं आणि त्याच्यापासून दोन हात लांब जमिनीवर ठेवून त्या मागे सरल्या. वरून टाक, असं काठीनेच खुणावलं.

सावळीरामच्या हातात सळई होती, तिच्यातून रस ठिबकत होता. सळईवरचं मटण कुणाची वाट बघत नाही. पण त्याने सळई निखाऱ्यावरून बाजूला घेतली आणि तो थांबला. या वेळी उत्तर त्याला लगेच सुचलं.

"ताट हातात धरा, मावशी. जमिनीवरच्या ताटात मी वाढत नाही."

"धरत नाय जा!"

"मग कलेजी अशीच गार होईल. देव तुमचा आहे, मला घाई नाही."

बाजेवरचे व्यापारी बघत होते. रावजी या वेळी जमिनीकडे न बघता आईकडे बघत होते. कुसाबाई कमरेवर हात ठेवून पिंपामागे उभी होती. म्हातारीचे ओठ हलले. त्यातला एकही शब्द चांगला नसावा. मग तिने काठी खाली ठेवली, वाकून ताट उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

"वाढ," ती म्हणाली. "आन् कच्ची ऱ्हायली आसंल तर बघ."

सावळीरामने अंगठ्याने एकेक तुकडा दाबून पाहिला आणि सगळे ताटात उतरवले. ती बांधाकडे वळली. तिच्या पाठीकडे न बघता त्याने दुसरी सळई उचलली.